फासळ्या दिसू द्या!

"अगं, हे पाण्यात तरंगतं का?"
"नाही."
"मग रिमोटवर चालतं?"
"नाही."
"लाइट-बिट तरी लागतात?"
"नाही."
"मग दोन वर्षं तू करतेयस तरी काय?"

हा संवाद माझ्या रूमवर इतक्या वेळा झालाय, की दारावर उत्तरांचा कागदच चिकटवावा असं वाटतं. लेडीज हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर, माझ्या टेबलावर, जर्नल्स आणि मेसच्या डब्याच्या मधोमध एक लाकडी शिडाचं लढाऊ जहाज उभं आहे. अर्धवट आहे. तीनपैकी तिसरी डोलकाठी अजून उभी राहायची आहे. त्याच्यामुळे मी सबमिशन टेबलावर नाही, तर पलंगावर बसून लिहिते. पार्टनर वैतागते. आई फोनवर विचारते, "अजून झालं नाही का गं ते?" आणि वर्गातला एक हुशार मित्र म्हणतो, "ऑनलाइन तयार मिळतं की. एवढी डोकॅलिटी प्लेसमेंटला लावली असतीस तर?"

त्या मित्राला आणि तुम्हा सगळ्यांना उत्तर द्यायचं म्हणून हा लेख. उत्तर थोडं लांबणार आहे आणि शेवटी कॉलेजकडे एक मागणीही करणार आहे. पण आधी जहाज.

जहाजाचं नाव एच.एम.एस. ट्रिंकोमाली. ब्रिटिश आरमाराचं ३८ तोफांच्या वर्गातलं फ्रिगेट. नाव श्रीलंकेतल्या बंदराचं, मालक इंग्रज, पण जन्म आपल्या मुंबईचा! नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडला ओक लाकडाची टंचाई पडली होती, आणि इकडे मलबारचं सागवान होतं. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याचे कारागीर होते. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले, तेव्हापासून पिढ्यानपिढ्या हे घराणं जहाजं बांधत होतं. ट्रिंकोमाली बांधलं जमशेटजी बोमनजी वाडियांनी. १८१६ मध्ये काम सुरू झालं आणि ऑक्टोबर १८१७ मध्ये जहाज पाण्यात उतरलं. आज दोनशेपेक्षा जास्त वर्षं झाली, तरी ते इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर तरंगत उभं आहे. नेल्सनचं प्रसिद्ध 'व्हिक्टरी' वयाने मोठं, पण ते १९२२ पासून कोरड्या गोदीत आहे. म्हणजे पाण्यावर असलेलं सर्वांत जुनं ब्रिटिश लढाऊ जहाज कुठलं, तर मुंबईत बांधलेलं!

त्याच्या नकाशांची गोष्ट आणखी मजेची. मूळ आराखडा फ्रेंच. १७८२ मध्ये इंग्रजांनी 'हेबे' नावाचं फ्रेंच फ्रिगेट पकडलं, ते इतकं आवडलं की त्यावरून 'लेडा' वर्गाची जहाजं काढली. त्या वर्गाचे नकाशे मुंबईला पाठवले 'जावा' नावाच्या जहाजातून. २९ डिसेंबर १८१२ ला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने जावाला गाठलं, हरवलं, आणि मग ते जाळून टाकण्यात आलं. नकाशे गेले! पुन्हा दुसरा संच पाठवावा लागला. आपलं जर्नल हरवलं की आपण किती गळा काढतो, ते आठवा.

आता माझं मॉडेल. प्रमाण १ : ९६. म्हणजे खऱ्या जहाजाचा एक फूट माझ्याकडे एक अष्टमांश इंच. तोफांच्या डेकची लांबी साधारण १५० फूट, ती झाली पावणेएकोणीस इंच. रुंदी ४० फूट, ती झाली पाच इंच. साडेपाच फुटी खलाशी केला तर तो साडेसतरा मिलिमीटरचा होईल. लांबी ९६ पट लहान, क्षेत्रफळ ९,२१६ पट आणि घनफळ ८,८४,७३६ पट. म्हणून दीड हजार टनांचं जहाज या प्रमाणात पावणेदोन किलोच्या आत येतं. हे सगळं बारावीत शिकलेलं. पण पेपरात 'क्यूब'ची पायरी लिहिणं वेगळं आणि ती हातात धरणं वेगळं.

सुरुवातीला मला वाटलं, जहाज सागवानाचं आहे तर मॉडेलही सागवानाचंच करावं. वर्कशॉपमधल्या सुतारकामाच्या काकांकडे गेले. त्यांनी सागाची एक चीप हातात दिली आणि म्हणाले, "बेटा, रेषा बघ हिच्या. तुझी फळी एक मिलिमीटरची. त्यात ही रेघ म्हणजे नांगरटच दिसेल." खरंच की! जहाज ९६ पट लहान करता येतं, पण लाकडाचे तंतू लहान करता येत नाहीत. खऱ्या जहाजासारखं दिसायला मॉडेलचं लाकूड वेगळंच लागतं. काकांनी बारीक पोताचं, पिवळसर हेदाचं लाकूड दिलं. स्केल इफेक्ट या विषयावरचं माझं पहिलं लेक्चर ते. हजेरी नाही, पीपीटी नाही.

मग नकाशाची मोठी प्रिंट काढली, त्यावरून चार फासळ्या कापल्या, आणि मग लक्षात आलं की प्रिंटवाल्याने 'फिट टू पेज' केलंय. नकाशावरची मोजपट्टी पट्टीने मोजून बघायची अक्कल मला कापून झाल्यावर आली. एक मिलिमीटरची चूक म्हणजे खऱ्या जहाजावर जवळजवळ चार इंच! काका फक्त एवढंच म्हणाले, "मापात पाप करायचं नाही." चारही फासळ्या कचऱ्यात गेल्या.

फासळ्यांवर फळ्या चढवणं हा तर स्वतंत्र पेपर आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, सरळ पट्ट्या चिकटवायच्या. पण जहाज मधे पोटाला सुटलेलं असतं आणि नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, निमुळतं होत जातं. माझ्या मॉडेलवर मधल्या फासळीचा अर्धा घेर १२० मिलिमीटर भरला, नाळेजवळ ७२. फळ्या दोन्हीकडे तेवढ्याच, ३६. म्हणजे प्रत्येक फळी मधे ३.३ मिलिमीटर आणि टोकाला २ मिलिमीटर हवी. हा हिशेब न करता सरळ पट्टी दाबून बसवली, तर तिची कड उचलते, आणि पुढची तिच्यावर, तिच्या पुढची त्याहून वर... नव्याचे नऊ दिवस संपतात ते इथे. निम्म्याहून जास्त लोक इथेच सोडून देत असतील अशी माझी खात्री आहे.

फळी वाकवायची तर भिजवून गरम करावी लागते. मी इस्त्री वापरली. हॉस्टेलमध्ये इस्त्रीला बंदी, हे सांगायला नकोच. रेक्टर मॅडमच्या राउंडला पकडली गेले. इस्त्री जप्त. दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये वाकलेली फळी आणि नकाशा घेऊन गेले. मॅडमनी पाच मिनिटं फळी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "आणि ही परत सरळ होत नाही?" इस्त्री परत मिळाली, फक्त रविवारी, कॉमन रूममध्ये, मॅडमसमोर. त्यांचे आभार! लाकडी खुंट्यांसाठी उदबत्तीच्या काड्या तासून स्टीलच्या पट्टीला पाडलेल्या भोकांतून ओढल्या. आमच्या मजल्यावर वर्षभर देवाला उदबत्ती कमी आणि जहाजाला जास्त लागली.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, छान आहे छंद. पण मला छंदाबद्दल बोलायचं नाहीये. आता जे सांगणार आहे ते सांगायला थोडी लाज वाटते.

टी.ई.चा आमचा मिनी प्रोजेक्ट रेडीमेड होता. आम्ही चौघींनी मिळून शहरातल्या एका दुकानातून बियाणं पेरायचं यंत्र आणलं. रंग आम्ही दिला, एवढंच. रिपोर्ट दुकानदाराच्या पेनड्राइव्हमधून आला, आम्ही नावं बदलली. ओरलला एक्स्टर्नल सरांनी चेनकडे बोट दाखवून विचारलं, "या स्प्रॉकेटला १८ दातच का?" चौघीही गप्प. शेवटी मीच म्हणाले, "सर, मार्केटमध्ये तेच अव्हेलेबल होतं." सर हसले. मार्क मिळाले २५ पैकी २२.

त्याच आठवड्यात जहाजावर दोर चढवत होते. यादीत 'सहा इंची दोर' असं लिहिलेलं. सहा इंच म्हणजे १५२ मिलिमीटर, भागिले ९६, दीड मिलिमीटरपेक्षा थोडा जाड. हातड्रिलला दोरे अडकवून तसे सव्वीस दोर वळले आणि बांधलेही. पण जहाज विचित्र दिसायला लागलं. डोलकाठीला जणू अजगर लटकलेत! दोन दिवस शोधल्यावर कळलं, की आरमारात दोराचं माप व्यासाने नाही, घेराने सांगायची पद्धत होती. सहा इंच हा परीघ. म्हणजे मी पाय विसरले होते! मेकॅनिकलच्या मुलीने पाय विसरावा? दोर हवा होता अर्ध्या मिलिमीटरचा, मी केला तिप्पट.

सव्वीसही दोर कापून काढले. कोणी सांगितलं नव्हतं. एकही मार्क जाणार नव्हता. हॉस्टेलमधल्या एकीलाही फरक कळला नसता. पण मला राहवेना. आणि ब्लेडने दोर कापत असताना ते १८ दात आठवले. ज्या कामाचे मला २२ मार्क मिळाले त्यातलं मला काहीच माहीत नव्हतं, आणि ज्याला सगळे टाइमपास म्हणतात त्यातल्या प्रत्येक दोऱ्याच्या जाडीचं कारण मी झोपेतही सांगितलं असतं. मग यातलं माझं इंजिनीअरिंग कुठलं?

मित्रहो, दोष एकट्या दुकानदाराचा नाही. आमचे प्रोजेक्ट बंद पेटीसारखे असतात. बाहेरून चकचकीत पावडर कोटिंग, आत काय आहे ते कोणी बघत नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा!

इथे जुन्या मॉडेलवाल्यांकडून शिकण्यासारखं आहे. सतराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडमध्ये लढाऊ जहाजांची जी मॉडेल्स होत, त्यांना 'नेव्ही बोर्ड मॉडेल' म्हणतात. प्रमाण बहुतेक वेळा १ : ४८. त्यांची एक खासियत आहे. वरचा भाग नक्षी, सोनेरी मुलामा, तोफांच्या खिडक्या असा नटलेला, पण पाण्याखालच्या भागावर फळ्याच नाहीत. फासळ्या उघड्या! फासळ्यांची मांडणी खऱ्या जहाजाच्या तुलनेत सोपी करून घेतलेली असे, पण अंग उघडं ठेवायची पद्धत पक्की. जो भाग पाण्यात गेल्यावर कोणालाच दिसणार नाही, तोच बघणाऱ्यासमोर मोकळा ठेवलेला. मीही माझ्या जहाजाच्या डाव्या बाजूला पाण्याखाली फळ्या लावल्या नाहीत. "अगं, इकडून राहिलंय तुझं," असं सगळ्या सांगतात. राहिलेलं नाही, ठेवलेलं आहे.

आतलं न दिसण्याची किंमत किती मोठी असू शकते, त्याचं उदाहरण स्वीडनचं 'वासा'. १० ऑगस्ट १६२८ ला ६४ तोफांचं हे नवंकोरं राजेशाही जहाज स्टॉकहोमच्या बंदरातून निघालं, आणि साधारण १,३०० मीटर जाऊन, लोकांच्या डोळ्यांदेखत बुडालं. सुमारे ३० माणसं गेली. कारण गुरुत्वमध्य फार वर होता. दुःखाची गोष्ट पुढे आहे. जहाज निघण्याआधी ३० खलाशांना डेकवर या बाजूकडून त्या बाजूला पळवून चाचणी घेतली होती. तीन फेऱ्यांतच जहाज इतकं डोलायला लागलं की चाचणी थांबवली. चाचणी थांबवली, जहाज नाही! १९६१ मध्ये वासा समुद्रातून वर काढलं, आणि आता स्टॉकहोमच्या संग्रहालयात आहे. तिथल्या अभ्यासकांना जहाजावर बांधणाऱ्यांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या. दोन स्वीडिश, १२ इंचांचा फूट असलेल्या. दोन ॲमस्टरडॅमच्या, ११ इंचांचा फूट असलेल्या. म्हणजे एकाच जहाजावर दोन वेगवेगळे फूट! जहाज त्यामुळे बुडालं असं नाही, पण एका डोळस माणसाने आधी सगळी मापं ताडून पाहिली असती तर हा घोळ तेव्हाच कळला असता. मॉडेल करणारा माणूस म्हणजे असा ताडून पाहणारा माणूस. त्याला दुसरा इलाजच नसतो, कारण चुकीची फासळी शेजारच्या फासळीशी जुळतच नाही.

आता आक्षेप. गॅदरिंगच्या प्रदर्शनात एका काकांनी रागानेच विचारलं, "पोरी, इंग्रजांचं जहाज कशाला? कान्होजी आंग्रेंच्या आरमाराचं का नाही केलंस?" प्रश्न रास्त आहे. ज्या आरमाराच्या जोरावर आपल्याला गुलाम केलं, त्याचंच जहाज मी दोन वर्षं घासतेय. मी त्यांना म्हटलं, काका, मला गुराब करायची आहे, फार करायची आहे. पण गुराब करताना मला अंदाज बांधावा लागेल, ट्रिंकोमाली करताना मोजता येतं. कारण त्यांनी नकाशा काढला, दोन-दोन प्रती केल्या, जपून ठेवल्या. आपल्या किनाऱ्यावर गलबत बांधणारे कारागीर मापं डोक्यात आणि हातात ठेवत. हात गेले की मापं गेली. ट्रिंकोमालीचे सागवानी वासेही मुंबईतल्याच हातांनी तासले. जमशेटजींचं नाव राहिलं, बाकीच्या हातांचं काय? तेव्हा हे जहाज मी इंग्रजांचं म्हणून नाही, मुंबईच्या सुतारांचं म्हणून करते.

दुसरा आक्षेप, थ्री-डी प्रिंटर असताना हे कशाला? मी प्रिंटरच्या विरोधात नाही. माझ्या तोफांचा पहिला साचा प्रिंट केलेलाच आहे. पण प्रिंटर चुकीचं मापही तितक्याच आनंदाने छापतो. तो "नांगरट दिसेल" असं म्हणत नाही. लाकूड म्हणतं. उलट्या तंतूवर रंधा चालवला तर लगेच चीर उडवून सांगतं.

तिसरा आक्षेप वेळेचा. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. वेळ जातो. एका सेमिस्टरला माझा पॉइंटर घसरला, हेही खरं. प्रत्येकाने जहाजच करावं असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच, की चार वर्षांत प्रत्येकाने एक तरी वस्तू अशी करावी, जिच्या प्रत्येक मापाचं 'का' त्याला सांगता येईल. जहाज नको तर घड्याळ करा, पंप करा, साधी पेटी करा.

म्हणून आता मागणी. वर्कशॉपमधलं सुतारकामाचं शॉप पुढच्या वर्षी हलवून तिथे नवीन लॅब करायची चर्चा कानावर येते आहे. लॅब जरूर व्हावी. पण एक बेंच, एक शिकंजा, रंधा-करवतीचं एक कपाट आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी काकांची हजेरी, एवढं राहू द्यावं. काका दोन वर्षांत निवृत्त होणार. त्यांचीही मापं हातातच आहेत, कागदावर नाहीत. किनाऱ्यावरच्या कारागिरांचं जे झालं ते आपल्या वर्कशॉपमध्ये होऊ देऊ नका. आम्ही काही जणी वही घेऊन बसायला तयार आहोत.

आणि सर, मॅडम, दुसरी मागणी जास्त अवघड आहे. यापुढे कुठलाही मिनी किंवा मेजर प्रोजेक्ट ओरलला येईल तेव्हा त्याची एक बाजू उघडी असावी, असा नियम करा. पत्रा नको, कव्हर नको. आणि पहिला प्रश्न तोच विचारा, १८ दातच का? पहिल्या वर्षी आमच्यापैकी बरेच जण गप्प बसतील. बसू द्या. दुसऱ्या वर्षी दुकानाचा रस्ता आपोआप कमी होईल.

जाता जाता एक गोष्ट. ट्रिंकोमालीचं काम सुरू करताना जमशेटजींनी पारशी परंपरेप्रमाणे जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला होता. मीही माझ्या जहाजाच्या कण्यात आईच्या जुन्या पैंजणाची एक तुटकी कडी बसवली आहे. वरून दिसत नाही. डाव्या बाजूला फासळ्यांमधून वाकून बघितलं तर दिसते. रविवारी रूमवर असते, ज्यांना बघायचंय त्यांनी यावं. मुलांना रेक्टर मॅडमची परवानगी काढावी लागेल, त्यांनी गॅदरिंगपर्यंत थांबावं. तोवर तिसरी डोलकाठी उभी राहील. बहुतेक.

— एक विद्यार्थिनी, अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी